फिट आली तेव्हा नेमकं काय दिसलं?

माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा असताना आमच्या घरात सकाळी कप फुटायला लागले. चहाचा कप उचलला की त्याचा हात एकदम उडायचा, शॉक बसल्यासारखा, आणि कप फरशीवर. दात घासताना ब्रश हातातून सुटून बेसिनमध्ये पडायचा. आई म्हणायची, लक्ष कुठे असतं रे तुझं. वडील म्हणायचे, रात्री जागतो, मग असंच होणार. शेवटी आईनं त्याला कपाऐवजी स्टीलचा पेला दिला. साडेनऊ-दहा वाजले की हात शांत व्हायचे, त्यामुळे हा आजार असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दहावीच्या प्रिलिमच्या आदल्या रात्री तो अडीच वाजेपर्यंत अभ्यास करत होता. सकाळी सहाला उठला आणि मोरीच्या दारात कोसळला. आधी एक विचित्र ओरडणं, मग सगळं अंग लाकडासारखं ताठ, ओठ निळे, डोळे उघडे पण वर गेलेले. त्यानंतर हातापायांना झटके सुरू झाले. तोंडातून फेस आला, चड्डी ओली झाली. शेजारच्या काकू कांदा फोडून धावत आल्या. कुणी चप्पल नाकाशी धरली, आजोबांनी हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. दातखीळ सोडवायला एकानं चमचा घातला, त्यात त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले आणि तो घोरल्यासारखा श्वास घेत झोपला. कांद्यानं उतरलं, असं त्या दिवशी सगळ्यांनी मानलं. मीही मानलं.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणून त्या वेळी शेवटी जे केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. कांदा, चप्पल, लोखंड, अंगारा, सगळं याच एका कारणानं पिढ्यान् पिढ्या टिकून आहे.

या आजाराला आपल्याकडे फिट, आकडी, फेफरं, मिरगी अशी बरीच नावं आहेत. शास्त्रीय मराठीत अपस्मार. हा शब्द आयुर्वेदातला आहे, चरकसंहितेत अपस्माराचं वर्णन आहे, आणि अर्थ सरळ आहे : स्मृती जाणे. म्हणजे शुद्ध हरपणे ही या आजाराची खूण आपल्याकडे फार पूर्वीच टिपलेली होती. बाधा, करणी, अंगात येणं हे अर्थ लोकांनी चिकटवले, आणि अजूनही ते सुटता सुटत नाहीत.

मेंदूत होतं काय, ते सांगते. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्या एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक लहरींनी आणि रसायनांनी बोलतात. काही रसायनं पुढच्या पेशीला चालना देतात, त्यात ग्लुटामेट मुख्य. काही आवर घालतात, त्यात गाबा मुख्य. चालना आणि आवर यांचा तोल क्षणोक्षणी राखला जातो. मंडईत सकाळी हजार माणसं बोलत असतात. बाहेरून तो गलका वाटतो, पण प्रत्येकाचं आपलं काम चाललेलं असतं. तीच हजार माणसं एकदम एका तालात एकच शब्द ओरडू लागली तर कुणाचंच काम होणार नाही. फिट म्हणजे हेच : मेंदूच्या एखाद्या भागातल्या किंवा दोन्ही बाजूंच्या पेशी काही वेळ एकाच तालात पेटून उठतात.

आता हा गलबला मेंदूच्या कोणत्या भागात उठतो, त्यावर बाहेर काय दिसेल ते ठरतं. आपण फक्त 'पडून झटके येणं' यालाच फिट म्हणतो, आणि इथंच निदानाचा घोटाळा सुरू होतो. कानशिलाच्या आतल्या बाजूच्या भागात सुरुवात झाली तर माणूस पडतही नाही. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटतं, हे सगळं आधी घडलेलं आहे अशी भावना येते, नसलेला वास येतो. मग तो एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाच्या गुंड्या चाचपतो, विचारलेल्याला उत्तर देत नाही. मिनिटभरानं भानावर येतो आणि त्याला काही आठवत नाही. घरचे म्हणतात, विचारात होता. शाळकरी मुलांत आणखी एक प्रकार असतो. वाचता वाचता मूल पाच-दहा सेकंद थांबतं, नजर शून्य होते, पापण्या फडफडतात आणि ते पुन्हा पुढचं वाक्य वाचू लागतं. दिवसातून असं कितीतरी वेळा होऊ शकतं. प्रगतिपुस्तकावर शेरा येतो : वर्गात लक्ष नसते. मला अशा प्रत्येक शेऱ्याची आता काळजी वाटते.

एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. रक्तातली साखर एकदम उतरली, सोडियम कमी झालं, दारू अचानक सोडली, तरी फिट येऊ शकते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटके येतात आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. अशा तात्कालिक कारणाशिवाय, चोवीस तासांहून जास्त अंतरानं दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण तपासण्यांवरून पुढची येण्याची शक्यता बरीच दिसली, तर डॉक्टर अपस्मार म्हणतात.

कारणं अनेक. जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणं, डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूज्वर, गाठ, जनुकांतला दोष. जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. आपल्याकडे मात्र एक कारण असं आहे की जे टाळता येतं, म्हणून त्यावर थोडं थांबते. डुकराच्या मांसातून येणारा एक पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित पाणी, न धुतलेली भाजी, न धुतलेले हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून अळी रक्तावाटे मेंदूत पोचते आणि तिथं तिची गाठ बनते. 'आम्ही तर माळकरी, आमच्या घरात हे कसं?' असं लोक विचारतात. मेंदूतली गाठ मांसामुळे होत नाही, अंड्यांमुळे होते, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही होते. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, जे जे कच्चं खातो ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं आणि शौचानंतर साबणानं हात धुणं हा त्यावरचा उपाय. गाठ झालीच तर औषधं आहेत, पण जंताची गोळी मनानं घ्यायची नाही. मेलेल्या अळीभोवती सूज येऊन त्रास वाढू शकतो, म्हणून डॉक्टर सूज उतरवणारं औषध सोबत देतात.

आता निदानाकडे येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते याबद्दल.

मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, माणसावर पहिल्यांदा काढला तो जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये, आणि तो प्रसिद्ध झाला १९२९ मध्ये. बर्गर मानसोपचारतज्ज्ञ होते. मनाचा शोध घेता घेता त्यांच्या हाती मेंदूची वीज लागली. अपस्माराच्या तपासणीत ईईजीला पर्याय नाही. पण साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल तर आलेख अगदी स्वच्छ येतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही' हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. ते बरोबर नाही. एमआरआय व्रण दाखवतो, गाठ दाखवतो, पण अनेक प्रकारच्या अपस्मारात तोही स्वच्छ असतो. आणि रुग्णाला स्वतःला तर काहीच आठवत नसतं. मग डॉक्टरांकडे उरतं काय? ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याचं सांगणं.

आम्ही ते सांगितलं नाही. पहिल्या डॉक्टरांकडे वडील एकटेच त्याला घेऊन गेले होते, आणि वडील घरात होते पण त्या क्षणी मोरीपाशी नव्हते. त्यांनी सांगितलं, फिट आली. कपांचा विषय निघालाच नाही, कारण कप आणि फिट यांचा संबंध आमच्या डोक्यातच नव्हता. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन लिहून दिलं. अपस्माराच्या काही प्रकारांत ते फार चांगलं औषध आहे. पण भावाचे सकाळचे झटके वाढले, इतके की पेलासुद्धा धरवेना. आम्हाला वाटलं औषध कमी पडतंय.

सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आईला आत बोलावलं आणि फाइल उघडायच्या आधी विचारलं, "सकाळी उठल्यावर याच्या हातातून वस्तू पडतात का?" आई रडायलाच लागली. किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार असतो : सकाळी उठल्यावर हातांना आचके, जागरणानंतर मोठी फिट. कार्बामाझेपिननं या प्रकारातले आचके उलट वाढू शकतात. औषध बदललं, महिन्याभरात आचके थांबले. त्या एका प्रश्नाचं उत्तर वर्षभर आमच्या स्वयंपाकघरात फुटून पडत होतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट बाहेर आली. आई कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, भावाला त्रास झाला त्या तारखेला लाल पेनानं बारीक ठिपका देत होती. शब्दांत लिहीत नव्हती, कारण कॅलेंडर बाहेरच्या खोलीत टांगलेलं आणि येणारा-जाणारा वाचेल. डॉक्टरांनी ती पानं मागवून घेतली. म्हणाले, ठिपका नको, लिहा : किती वाजता, किती मिनिटं, आधी झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, सुरुवात कुठून झाली, मान कुठल्या बाजूला वळली. मान कुठे वळली, आधी कुठला हात उडाला, यावरून गडबड मेंदूच्या कोणत्या बाजूला आहे याचा माग लागतो. आता हातात मोबाइल आहे. माणूस सुरक्षित आहे हे बघून एकानं व्हिडिओ काढला तर त्याचा उपयोग कधी कधी महागड्या तपासणीपेक्षा जास्त होतो. तो फक्त डॉक्टरांना दाखवायचा, घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

फिट येत असताना करायचं ते थोडंच आहे. घड्याळ बघा. आजूबाजूचं टोकदार, गरम काही असेल तर दूर सारा. डोक्याखाली ओढणी, पिशवी, काहीही मऊ ठेवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. झटके ओसरले की एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ, उलटी बाहेर जाईल. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ गिळली जात नाही. कडेनं चावली गेलीच तर ती भरून येते, तुटलेला दात येत नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसा. पाच मिनिटं झाली तरी झटके थांबत नसतील, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, पहिलीच वेळ असेल, बाई गरोदर असेल, पाण्यात घडलं असेल किंवा मार लागला असेल, तर लगेच १०८ ला फोन. लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. डॉक्टरांना विचारून तो घरात ठेवावा आणि कसा मारायचा ते घरातल्या दोघा-तिघांनी शिकून घ्यावं.

औषधांचा इतिहास मोठा आहे, मी दोनच गोष्टी सांगते. फेनोबार्बिटाल १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे आणि अजूनही स्वस्तात मिळतात. दुसरी गोष्ट व्हॅल्प्रोएटची. फ्रान्समध्ये १९६२ साली इतर औषधं विरघळवायला द्रावक म्हणून ते वापरत होते, आणि कुठलंही औषध विरघळवलं तरी प्राण्यांचे झटके थांबताहेत असं दिसल्यावर लक्षात आलं की गुण द्रावकाचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान होऊन औषधं मिळाली तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. साध्या, रोजच्या गोळ्यांनी. मेंदूच्या फार थोड्या आजारांबद्दल असं म्हणता येतं.

व्हॅल्प्रोएटबद्दल मुलींच्या आईवडिलांना एक सांगायलाच हवं. माझ्या भावाला ते औषध लागू पडलं, त्याच आजाराच्या मुलीला डॉक्टर शक्यतो दुसरं देतात. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. म्हणून लग्नाच्या, निदान मूल होऊ देण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं का ते पाहायचं. दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून गोळी बंद करणं मात्र जास्त धोक्याचं.

गोळी चुकणं हे फिट परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. उपास, प्रवास, गौरी-गणपतीतली जागरणं, आणि 'आता दोन वर्षं काही नाही, किती दिवस गोळ्या खायच्या' हा नातेवाइकांचा सल्ला. काही प्रकारांत दोन-तीन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर हळूहळू औषध उतरवतात. भावाच्या प्रकारात बहुतेकांना ते बरीच वर्षं, अनेकदा जन्मभर घ्यावं लागतं. त्यानं हॉस्टेलवर मित्रांसमोर गोळी घ्यायला लाजून चार दिवस सोडली आणि पाचव्या दिवशी पहाटे कॉटवरून पडला. रूममेटला काहीच माहीत नव्हतं. अपस्मारात क्वचित झोपेतल्या मोठ्या फिटनंतर अचानक मृत्यूही येतो, मोठ्या माणसांत वर्षाला साधारण हजारात एक असं ते प्रमाण आहे. घाबरवायला नाही लिहीत. रूममेटला माहीत असणं आणि गोळी न चुकवणं का महत्त्वाचं, ते कळावं म्हणून लिहिते.

लग्न हा विषय टाळून मराठी घरात अपस्माराबद्दल बोलणं पूर्ण होत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या बरोबरीनं अपस्माराचा उल्लेख होता, आणि त्यावरून लग्न रद्द ठरवून घेता येत असे. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही अपस्मार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही असा निकाल दिलेला आहे. कायदा बदलला, पण 'लग्न झालं की जातं' हा समज गेला नाही, आणि त्या समजापोटी मुली सासरी गोळ्या उशीखाली लपवतात, मग चुकवतात, मग व्हायचं तेच होतं. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशननं अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट चालवला आणि लग्न जुळवण्याचंही काम केलं. तिथं पहिल्याच भेटीत आजाराचं नाव घेऊन बोलणं सुरू होतं. भावाच्या बायकोला आम्ही पाहण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. त्याआधीची दोन स्थळं त्यावरून परत गेली होती. आईला वाईट वाटलं, मला नाही वाटलं.

ज्यांना कुणी आदर्श दाखवायचा असेल त्यांनी जाँटी ऱ्होड्सचं नाव सांगावं. १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करताना यष्ट्यांवर झेपावलेला तो क्षेत्ररक्षक अपस्मार असलेला माणूस आहे, आणि त्यानं ते कधी लपवलं नाही.

आता मनाबद्दल. अपस्मार हा मनोविकार नाही. पण मेंदू आणि मन यांच्यात भिंत नाही. अपस्मार असलेल्या दर चार-पाच जणांमागे एकाला नैराश्य असतं. पुन्हा चारचौघांत पडू का, ही भीती हे एक कारण, पण तेवढंच नाही. ज्या भागात फिट सुरू होते त्यातले काही भाग भावनांचेही असतात, आणि आधी नैराश्य येऊन गेलेल्या माणसात पुढे अपस्माराची शक्यता वाढलेली दिसते. म्हणजे दोन्हींच्या मुळाशी काही सामाईक गडबड असावी. काही औषधांनी, उदाहरणार्थ लेव्हेटिरासेटामनं, चिडचिड वाढते. घरच्यांना वाटतं स्वभाव बिघडला. तेही डॉक्टरांना सांगायचं असतं. मन फार खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आणि काही फिट अशा असतात की ईईजीत विजेची गडबड दिसतच नाही. मोठा ताण, जुना आघात यांतून शरीर तसं वागतं. त्याला 'नाटक करते' म्हणणं हा अन्याय आहे. ती व्यक्ती ते मुद्दाम करत नसते, तिचा त्रास खरा असतो. व्हिडिओ आणि ईईजी एकाच वेळी घेऊन हे ओळखता येतं, आणि त्यावर गोळ्यांपेक्षा मानसोपचाराचा उपयोग होतो. नाहीतर अशी माणसं वर्षानुवर्षं नको ती औषधं खात राहतात.

अपस्मार आणि मनोविकार यांच्या नात्यातली एक जुनी कथा इथं सांगावीशी वाटते. १९३४ मध्ये बुडापेस्टचे मानसोपचारतज्ज्ञ लाडिस्लास मेडुना यांना वाटलं की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत, म्हणून त्यांनी मनोरुग्णांना मुद्दाम फिट आणून पाहिली. तर्क चुकीचा निघाला, पण काही रुग्ण सुधारले. १९३८ मध्ये रोममध्ये त्यासाठी वीज वापरली गेली. आज आपण ज्याला शॉक ट्रीटमेंट म्हणून घाबरतो ती हीच. भूल देऊन, स्नायू सैल करून दिली जाते आणि जिवावर उठलेल्या नैराश्यात ती अजूनही फार परिणामकारक आहे. भूल न देता ती देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे.

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या औषधानं त्या पूर्ण थांबण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी वर्षं न घालवता शस्त्रक्रियेचा विचार होतो का ते मोठ्या अपस्मार केंद्रात विचारावं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रिया होत आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांतल्या ७७ टक्के मुलांच्या फिट पूर्ण थांबल्या होत्या, नुसत्या औषधांवर असलेल्यांत ७ टक्के. काहींना एका बाजूला अशक्तपणा आला, आणि काही शस्त्रक्रियांत तो अपेक्षितच धरलेला असतो, म्हणून आईवडिलांना आधी सगळं समजावून सांगितलं जातं.

काय काढायचं आणि काय राखायचं हे शास्त्राला फार मोठी किंमत देऊन कळलं. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला स्मरणाशी जोडलेला भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत नवी आठवण त्याच्या मनात टिकली नाही. आज शल्यविशारद एकाच बाजूला हात लावतात आणि उरलेली बाजू स्मरण पेलेल का ते आधी तपासून घेतात.

नव्या उपचारांतले काही आता नवेही राहिले नाहीत. मानेतल्या व्हेगस नसेला ठरावीक वेळानं विजेची हलकी टिचकी देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत १९९७ मध्येच मान्यता मिळाली. कवटीत बसवायचं एक यंत्र, ज्याला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, मेंदूच्या लहरी सतत वाचतं आणि फिटची चाहूल लागताच तिथल्या तिथं उलटा धक्का देतं. बारीक छिद्रातून लेसरनं बिघडलेला भाग जाळता येतो. १९२१ पासून माहीत असलेला, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय-गोड पदार्थांचा आहार लहान मुलांच्या काही हट्टी प्रकारांत आजही कामाला येतो. वजन उतरवायच्या 'कीटो'शी त्याची गल्लत करू नये. तो वजन-मापानं, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचा असतो.

मला सर्वात आशा वाटते ती ड्राव्हे सिंड्रोमच्या कामाबद्दल. तान्हेपणी सुरू होणारा हा गंभीर अपस्मार. बहुतेक मुलांत एससीएन१ए या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते, त्यामुळे आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. कार्बामाझेपिनसारखी औषधं त्याच पेशींना आणखी दाबतात, म्हणून इथंही ती घातक. आता चांगल्या असलेल्या दुसऱ्या प्रतीकडूनच जास्त काम करून घेणारं औषध पाठीच्या मणक्यातल्या द्रवात देऊन पाहिलं जात आहे. दुसरीकडे, प्रयोगशाळेत वाढवलेल्या आवर घालणाऱ्या पेशी थेट कानशिलामागच्या भागात सोडण्याच्या छोट्या चाचण्या अमेरिकेत चालू आहेत. दोन्ही अजून चाचणीच्या पायरीवर आहेत. 'स्टेम सेलनं फिट कायमची बरी' अशी जाहिरात करून कुणी लाखो रुपये मागत असेल तर देऊ नका.

या चाचण्यांत उपचार लागू पडला की नाही ते ठरवायला सगळ्यात आधी फिट मोजतात, आणि ती मोजणी बहुतांशी घरीच होते. आईवडिलांना एक वही किंवा मोबाइलवरचा तक्ता देतात. त्यात रोज लिहायचं : तारीख, वेळ, किती मिनिटं, आणि काय दिसलं.